वरच्या खोलीतलं नाताळचं गाव

अमरावती,
१४ डिसेंबर २०२४

प्रिय मोनाली,

अनेक आशीर्वाद. पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न उघडताच ठेवून दिलंस तरी मी समजून घेईन. उघडलं असशील तर मात्र शेवटपर्यंत वाच, एवढी विनंती. या आठवड्यात तीनदा तुला फोन लावायला घेतला आणि ठेवून दिला. तुझा आवाज आला की मी नेहमीसारखं 'अवनी काय करते, अभ्यास करते का' एवढंच विचारतो आणि जे बोलायचं ते राहून जातं. तीन वर्षं राहूनच गेलं आहे. मी हार गुंफणारा माणूस, लिहिण्याची सवय नाही, तेव्हा इकडचं तिकडं झालं तर सांभाळून घे.

तुला नवल वाटेल, पण आज आपल्या वरच्या खोलीत शेखरचं नाताळचं गाव मांडलेलं आहे. ते मी मांडलं. त्या प्लास्टिकच्या ठोकळ्यांची बेकरी, पोस्ट, घंटेचं चर्च, खेळण्यांचं दुकान, स्टेशन आणि बॅटरीवर फिरणारी गाडी, सगळं. खाली तुमच्या अकोल्याचाच कापूस पसरला आहे, तो दर वर्षी आणायचा तसा. खिडकीत कागदी चांदणी लावली आहे. सुरूच्या फांद्या वाकवून दारावर गोल हारही केला, त्यात लाल गुलाब खोवले. हार करणं तेवढं मला कोणी शिकवायला नको.

हा नाद त्याला पुण्याला इंजिनिअरिंग करताना लागला, हे तुला माहीत आहे. पहिलं खोकं घेऊन आला तेव्हा मला वाटलं, कोणा मित्राच्या लेकरासाठी असेल. मग दर डिसेंबरला एक. लग्न झालं, वीज कंपनीत नोकरी लागली, अवनी झाली, तरी सुटलं नाही. अकोल्याचा तुमचा फ्लॅट लहान, म्हणून खोकी इथं वरच्या खोलीत राहायची आणि नाताळच्या सुट्टीत तुम्ही तिघं येऊन गाव मांडायचात. गल्लीतली लेकरं जिन्यावर रांग लावायची. तू खाली त्यांच्यासाठी चिवडा करायचीस. मला ते आवडायचं नाही, हे मी कधी लपवलं नाही. दुकानावर लोक विचारायचे, "उत्तमराव, पोरानं धरम बदलला का?" मी हसण्यावारी न्यायचो. तिशीतला माणूस, एका लेकराचा बाप, जमिनीवर पालथा पडून बोटाएवढ्या खिडक्या बसवतो, याची मला लाज वाटायची. इतक्या वर्षांत मी त्या खोलीच्या उंबऱ्याच्या आत गेलो नाही. दारातूनच म्हणायचो, "जेवाले चला," आणि खाली यायचो.

तो गेल्यावर ती खोली मीच कुलूप लावून बंद केली. पहिला डिसेंबर तसाच गेला. मागच्या वर्षी भिंतीला वाळवी लागलेली दिसली, म्हणून खोकी हलवायला आत गेलो. अकरा खोकी होती. प्रत्येकावर त्याच्या अक्षरात वर्ष, गाव, आणि कोणाबरोबर बांधलं ते. २०१५ च्या खोक्यावर 'मोनालीबरोबर पहिलं' असं लिहिलं आहे, ते तुला माहीत आहे का, मला ठाऊक नाही. २०१९ च्या खोक्यावर 'अवनीनं छपराचा एक ठोकळा गिळला असं वाटलं, उशीखाली सापडला.' मी तिथंच जमिनीवर बसलो. वाळवीचं औषध मारणारा माणूस येऊन उभा राहिला तरी मला उठता येईना.

त्या दिवशी बेकरीचं खोकं उघडलं. आत पुस्तिका होती, कोणता ठोकळा कुठं हे चित्रांतून सांगणारी. वाचायचं काही नसतं त्यात, म्हणून मला जमलं. तुझ्या सासूच्या, वच्छलाच्या, स्टीलच्या ताटल्या वर नेल्या आणि त्यात रंगाप्रमाणे ठोकळे निवडले, जशी आपण पहाटे भातकुलीच्या मळ्यातली शेवंती निवडतो, मोठी वेगळी, बारीक वेगळी, दबलेली वेगळी. बोटं जाड, चष्मा घसरायचा. एक बेकरी उभी करायला मला नऊ दिवस लागले. पण पन्नास वर्षं सुई-दोऱ्याचं काम केलेली बोटं आहेत, हळूहळू शिकली. ठोकळा नीट बसला की बारीक 'टक' होतं. ते कानाला फार गोड लागतं, मोनाली. वर-खाली चुकलं की दहा पानं मागं जायचं, उकलायचं, पुन्हा लावायचं. माझ्यासारख्या चिडखोर माणसाला त्याचा राग कसा येत नाही, याचं मलाच आश्चर्य वाटायचं.

खरं सांगायचं तर मला ते आवडायला लागलं. दुपारी दोनला दुकान नोकरावर सोपवून घरी यायचं, जेवायचं आणि वर जायचं. चार-चार तास मला काही म्हणजे काही आठवायचं नाही. मग पुस्तिकेच्या कडेला शेखरनं पेन्सिलीनं लिहिलेलं काही दिसायचं. 'इथं घाई करू नको.' 'मागच्या वर्षी चुकलं होतं, नीट बघ.' ते त्यानं स्वतःसाठी लिहिलं असणार. पण रिकाम्या खोलीत ते माझ्यासाठीच वाटायचं आणि मी मोठ्यानं "हो" म्हणायचो. कधी पाठीमागं कोणी ताटलीतले ठोकळे चाळतं आहे असा आवाज यायचा. वळून बघावं तर कबुतर पत्र्यावर चालत असायचं. एकदा वळलो नाही. तसाच बसून राहिलो, तो आवाज थांबेपर्यंत.

या वर्षी मी दिवाळी होताच सुरुवात केली. त्याच्या जुन्या फोटोंवरून गाव जसंच्या तसं मांडायचं ठरवलं. त्या फोटोंत एक लाल मोटार असते, छपरावर बांधलेलं झाड असलेली. ती पुलाच्या पलीकडे, गावाबाहेर जाणाऱ्या रस्त्यावर असते. मी ती तिथं ठेवली. दुसऱ्या दिवशी दुपारी वर गेलो, तर मोटार रस्त्यावर नव्हती. टोकाच्या घराच्या दाराशी उभी होती, तोंड आतल्या बाजूला. मला वाटलं, मीच विसरलो. पुन्हा रस्त्यावर ठेवली. तिसऱ्या दिवशी पुन्हा दाराशी. खोलीला मी कुलूप लावत नव्हतो, पण घरात होतं कोण? वच्छलाचे गुडघे गेलेत. दोन वर्षांत तिला जिना चढताना मी बघितलं नव्हतं. डॉक्टरांनीच मनाई केली आहे. मी काही भुताखेतावर विश्वास ठेवणारा नाही. पण सलग पाच दिवस ती मोटार मी रस्त्यावर ठेवायचो आणि पाच दिवस ती मला घरी परत आलेली दिसायची. सहाव्या दिवशी मी तिला हात लावला नाही. दारातच बसलो आणि म्हणालो, "शेखर, मले समजलं. मी सांगतो." काय सांगतो, कोणाला सांगतो, हे त्याला सांगायची गरज नव्हती.

तरीही सांगितलं नाही. इतकी वर्षं गप्प बसलेल्या माणसाला आणखी आठ दिवस गप्प बसायला काही कष्ट पडत नाहीत.

त्याच दिवसांत एक लहान खोकं सापडलं, स्टेशनच्या खोक्याच्या आत ठेवलेलं. त्यावर चित्र नव्हतं, पुस्तिका नव्हती. वर फक्त 'बाबा' लिहिलं होतं. आत त्यानं उरलेल्या ठोकळ्यांतून स्वतःच्या मनानं केलेलं एक फुलांचं दुकान होतं. नारिंगी आणि पिवळे गोल ठोकळे म्हणजे झेंडू, पांढरे म्हणजे शेवंती, आणि मागं पांढऱ्या केसांचा एक बारका माणूस, हातात हिरवी काडी. जुने फोटो पुन्हा काढून भिंग लावून बघितले. २०१६ पासून प्रत्येक वर्षी ते दुकान त्या गावात आहे, बेकरी आणि पोस्ट यांच्या मध्ये. तू ते मांडायला त्याला मदत केली असशील. मी दर वर्षी त्या गावात बसलेलो होतो आणि दारातून "जेवाले चला" म्हणून खाली जात होतो.

सहा डिसेंबरला तुझी आई, बेबीताई, अंबादेवीच्या दर्शनाला आल्या होत्या. हार घ्यायला आपल्याच दुकानावर आल्या. त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलेलं नाही, हे त्यांचे उपकार. हार घेऊन झाल्यावरही त्या उभ्याच राहिल्या. मग त्यांनी पातूरच्या स्थळाबद्दल सांगितलं. शिक्षक आहेत, बायको गेलेली, मूल नाही, अवनीला आपली म्हणायला तयार आहेत, आणि तुलाही माणूस वाईट वाटला नाही. तरी तू नाही म्हणालीस. का, असं मी विचारलं. बेबीताईंनी तुझे शब्द सांगितले: "ज्या तोंडानं त्याले जा म्हटलं, त्या तोंडानं दुसऱ्याले हो कशी म्हनू?" एवढं सांगून त्यांनी डोळे पुसले आणि त्या देवळाकडे गेल्या. मी हातातली सुई बोटात घातली तरी मला कळलं नाही.

त्या दुपारी दोन वाजेपर्यंत दुकानात थांबलो नाही. साडेबारालाच घरी आलो. खाली कोणी नव्हतं. वरून बोलण्याचा आवाज येत होता. जिना मी आवाज न करता चढलो. दारातून बघितलं, तर वच्छला गावासमोर बसलेली, गुडघे लांब करून, घामानं भिजलेली. तिच्या हातात ती लाल मोटार होती. ती पदरानं पुसत होती आणि शेखरशी बोलत होती, तो दुपारच्या जेवणाला आला असल्यासारखी. "असा कसा रोज जात होता रे धुक्यात? तिनं जा म्हटलं म्हनून जावं काय? घरी राहायचं होतं न बापा." आणि तिनं मोटार घराच्या दाराशी ठेवली, तोंड आत करून. रोज मी दुकानात गेलो की ती एक-एक पायरी बसत बसत वर यायची आणि मी यायच्या आत तशीच उतरायची. आम्ही दोघं एकाच घरात, एकाच खोलीत, एकमेकांना चोरून जात होतो.

मला बघून ती दचकली. मग म्हणाली, "तुमी काहून रोज त्याले रस्त्यावर ठेवत होते?"

मी तिच्याजवळ खाली बसलो आणि आता तुला सांगायचं आहे ते तिला सांगितलं. सगळं, न थांबता. माझं झाल्यावर म्हणाली, "तेरवीच्या दिवशी मी त्या पोरीले सगळ्यायच्या देखत 'तुह्यामुळं गेला' म्हटलं. तुमी माह्या बाजूले बसले होते." एवढंच. त्याला आज आठ दिवस झाले. ती ताट वाढते, पाणी ठेवते, पण माझ्याशी बोलत नाही. मी काल माझ्या भावाला, देवमनला, आणि चांदूर बाजारच्या सगळ्या नातेवाईकांना एक-एक करून फोन केले आणि त्यांनाही सांगितलं. देवमननं फोन मध्येच ठेवला. ज्यांच्यासमोर तुला ऐकावं लागलं, त्यांना तुझ्या आधी कळायला नको होतं, हे मला समजतं. पण तुझ्यापर्यंत पोचायच्या आधी मागं फिरायचा रस्ता मला स्वतःला ठेवायचा नव्हता.

आता ते लिहितो. दवाखान्याच्या व्हरांड्यात तू सगळ्यांसमोर रडत सांगितलं होतंस, की अवनीला ताप होता, बाहेर धुकं होतं, तरी तो खोकी आणायला अमरावतीला निघाला, म्हणून तू भांडलीस, 'पोरीपेक्षा खेळणी प्यारी असतील तर जा मग, तिकडंच राहा' असं म्हणालीस, आणि तो निघून गेला. तेव्हापासून सगळ्यांनी तेच धरलं, आणि तूही. पण तो त्या दिवशी का निघाला, हे तुला कोणी सांगितलं नाही. आदल्या दिवशी, तेवीस डिसेंबरला संध्याकाळी, मी त्याला फोन केला होता. सव्वीसला देवमनच्या मुलीचं साक्षगंध आपल्या घरी होतं, नवऱ्या मुलाकडच्या पाहुण्यांना वरची खोली पाहिजे होती. तो म्हणाला, अवनीला बरं नाही, पंचवीसला येतो. मी म्हणालो, "उद्या सकाळी येऊन तुहा कचरा उचल, नाही तर दहा वाजता भंगारवाल्याले देतो." भंगारवाल्याला मी सांगितलेलंसुद्धा नव्हतं. नुसता राग होता. चोवीसला सकाळी सहा पन्नासला त्याचा मेसेज आला: 'बाबा निघालो. खोक्यायले हात लावू नका. तुमी रागावले ते मोनालीले सांगितलं नाही, तिले वाईट वाटन.' कुरणखेडच्या पुढं रस्त्यात उभा असलेला ट्रक त्याला दिसला नाही, त्याच्या पाऊण तास आधीचा तो मेसेज आहे. पोलिसांनी त्याचा मोबाईल माझ्या हातात दिला. तू मागितलास तेव्हा मी फुटला म्हणालो. फुटला नव्हता. त्यात माझ्या फोनची नोंद आणि तो मेसेज होता, म्हणून मी तो कपाटात दडवला आणि तुला बोलणी खाऊ दिली. तू त्याला जा म्हणालीस म्हणून तो गेला नाही, मोनाली. तू काहीही बोलली असतीस, गोड बोलली असतीस, तरी तो निघणारच होता, कारण त्याच्या बापानं त्याला धमकावून बोलावलं होतं. हे पत्र त्यासाठी आहे. पातूरच्या माणसाला काय सांगायचं ते तुझं तू ठरव, पण नाही म्हणायचं असेल तर त्या एका वाक्यापायी म्हणू नकोस. ते ओझं माझं आहे, तू ते पुष्कळ वाहिलंस. मी माफी मागत नाही, ती मागण्याची वेळ व्हरांड्यात होती. बुधवारी सकाळच्या गाडीनं वच्छला अकोल्याला येते आहे, शेखरचा मोबाईल घेऊन. मी सोबत येतो म्हटलं, तर आठ दिवसांत पहिल्यांदा माझ्याशी बोलली, "मी एकटीच जाईन." तेरवीला जे बोलली ते तिला तुझ्यासमोर परत घ्यायचं आहे. तुमचा जिना दोन मजल्यांचा आहे, तिला वर यायला वेळ लागेल. माझ्यासाठी नाही, पण तिच्यासाठी दार उघड.

तुझाच,
उत्तमराव
('बाबा' लिहायला हात धजत नाही)